तोंडानं नाव सांगा

पंचफुलाबाईच्या पाट्यांच्या दुकानाचा एक नियम होता, अन् त्या नियमापायी अर्धं भिलाई तिला चक्रम म्हणे. दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी हवी असेल, तर बाईनं ते नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. चिठ्ठी चालणार नाही, शेजारणीला पुढं करणंही चालणार नाही. आता साल एकसष्ट, अन् नागपूरकडच्या आमच्या बाया! उखाण्याशिवाय मालकाचं नाव कधी ओठांवर येऊ दिलं नाही त्यांनी. काही रागानं परत जात. पण झक मारत पुन्हा येत, कारण पंचफुलेसारखं अक्षर दुर्गपासून रायपूरपर्यंत कोणाचं नव्हतं.

हात बापाचा. गोंदियाचे धोंडबा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवत, अन् ही पोर परकराला रंग फासून त्यांच्या मागंमागं. लग्न झालं तसा कुंचला सुटला. नवरा देवीदास पोलाद कारखाना उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडं खलाशी होता. क्रेनला ओझं बांधायचं त्याचं काम. त्या कामावरच अपघातात तो गेला. दीर म्हणाले, गावाकडं चला. ही गेली नाही. सेक्टर एकच्या बाजारात टिनाचं छप्पर घालून तिनं पुन्हा कुंचला धरला. नवे क्वार्टर सगळे एकसारखे, पाटीशिवाय माणूस भलत्याच घरात शिरायचा. दुकान चाललं.

अन् गंमत पाहा, असा नियम करणाऱ्या बाईनं स्वतः मात्र मालकाचं नाव कधी घेतलं नव्हतं. देवीच्या देवळालाही ती 'आईचं देऊळ' म्हणे. ते नाव तिच्या घशात अडकून बसलं होतं. एकदा ते बाहेर पडल्याशिवाय आपल्याला धड रडताही येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी हिरा आली. रेल्वेतल्या गँगमनची सून, हळद अजून उतरायची होती.

"नाव सांग," पंचफुला म्हणाली.

"त्यायचं? अगं माय! नाव घेतलं तं आयुष्य कमी होते म्हणते त्यायचं."

"काही होत नाही. बोल."

पोरगी नवी असली तरी जिभेनं तिखट होती. "मंग तुमी घेता का वो तुमच्या मालकाचं? घेऊन दाखवा ना!"

पंचफुलेनं कुंचला खाली ठेवला. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या काल-परवाच्या नवरीला सांगितलं.

"मी डबा घेऊन गेली होती. हे पाठ करून उभे होते, अन् वरचा गर्डर साखळीतून सरकून राहिला होता. मले दिसला, त्यायले नाही. मी ओरडली, 'अवो! अवो!' लेकरू नव्हतं आमाले, 'अमक्याचे बाबा' तरी कसं म्हणू? तिथं मद्रासी, बंगाली, पंजाबी, सारा मुलूख. पाचदहा जण वळले. हे नाही वळले. त्यायले वाटलं असंन, दुसऱ्या कोणाची बायको बोलावून राहिली. नाव ओठावर होतं माह्या, हिरा. तरी नाही घेतलं. आयुष्य कमी होईन म्हणून."

हिराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाहेर भोंगा झाला, शिफ्ट सुटली, रस्ता सायकलींनी भरून गेला. पंचफुला उठली, दुकानाच्या तोंडाशी गेली अन् सगळा जोर लावून ओरडली,

"देवीदास!"

गर्दीतल्या एकानं करकचून ब्रेक दाबला. कोणी परकाच माणूस, हँडलला डबा लटकलेला. त्यानं पाय टेकून मागं पाहिलं. "काय वो बाई? मले हाक मारली?"

पंचफुला त्याच्याकडं पाहतच राहिली. मग म्हणाली, "नाही दादा. जा तुमी, घरी जा."

तो गेला. ती दारातच खाली बसली.

"पाहिलं का, हिरा?" ती म्हणाली. "वळते माणूस."