तोंडानं हो, बोटांनी नाही

विनार्सी जावा बेटावरच्या वोनोसोबो गावाच्या वरच्या अंगाला बालवाडी चालवते. मी तिच्या शेजारची. तिला म्बाक म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. चाळिशीनंतर तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं. धडे फोनवर, चर्चा लिहून. गुरुजींची भेट नाही.

मी चार वर्षं वर्गात बसून साहित्याची पदवी घेतली. एकाही सरांचं म्हणणं कधी खोडलं नाही. त्यामुळे म्बाकची उत्तरं वाचून मी थक्क झाले. 'सर, मला हे पटत नाही,' अशी सुरुवात, आणि खाली कारणं.

तीच उत्तरं अंगाशी आली. तिचे गुरुजी, दूर सुमात्रा बेटावरच्या मेदानचे पाक, म्हणजे सर, सिमातुपांग, यांना संशय आला की असं बेधडक लिहिणारं कुणी दुसरंच आहे. त्यांनी फोनवरच समोरासमोर तोंडी परीक्षा लावली. संशय फिटला नाही तर नापास.

मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसले.

"मुलांशी आधी घरच्या भाषेत बोलावं, असं तुम्ही लिहिलंत," पाक म्हणाले. "पण पहिल्या दिवसापासून इंडोनेशियनच बरी, नाही का?"

"इंग्गिह, पाक."

"म्हणजे तुमचं उत्तर चूक?"

"इंग्गिह."

"मग ते लिहिलं कोणी?"

मी कपाळाला हात लावला. आम्ही जावाची माणसं. इंग्गिह म्हणजे 'हो', पण थोरांपुढे त्याचा अर्थ नुसता 'ऐकलं हो'. मेदानच्या माणसाला तो होकारच वाटणार.

"म्बाक, सांग की त्यांना," मी कुजबुजले.

"तोंडावर कसं सांगू गं? गुरुजी आहेत."

"कोण आहे तिथं?" पाकनी विचारलं.

"शेजारीण, पाक. माझ्यापेक्षा तीच घाबरलीय. मी लिहून उत्तर देऊ का?"

ते बरं म्हणाले. तिची बोटं भराभर चालू लागली. 'नाही, पाक. इंडोनेशियनमध्ये विचारलं की माझी पोरं गप्प बसतात. जावानीजमध्ये विचारलं की भांडतात. मला भांडणारी हवीत.'

पाक वाचून खो खो हसले. "तोंडानं हो आणि बोटांनी नाही?"

"तोंडाला आईनं वळण लावलंय, पाक. बोटांना तुम्ही."

मग दोघं एकमेकांकडे बघत बराच वेळ लिहीतच राहिले. म्बाक मान लववायची, गोड हसायची आणि त्यांचा मुद्दा खोडायची. मी आ वासून बघत होते.

"लिहिणाऱ्या तुम्हीच," शेवटी पाक म्हणाले. "पास. पण माझं मत तेच आहे हं."

फोन बंद झाला. म्बाकनं डोक्यावरचा रुमाल सैल केला आणि तेंपेच्या, सोयाबीनच्या, वड्या तळायला घेतल्या.

"अजून दोन मुद्दे राहिले गं," ती म्हणाली, आणि तळता तळता ते मलाच ऐकवत बसली.