बगळा उभा होता तिथलं पाणी

मंगळू गांगुर्डे होडी चालवायचा, गावात विचारलं तर एवढंच सांगतील. मी शाळेत मास्तर होतो. लिहिण्याची सवय फळ्यापुरतीच. पण त्या दिवशी मी त्याच्या होडीत होतो. तो आता नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

सायखेड्याच्या खाली गोदावरी पसरत जाते आणि पुढच्या बंधाऱ्यामुळे आमच्या गावाशी तिचं तळं होतं. गाळ साचून त्यात बेटं झाली आहेत. पाणी उतरलं की ती उघडी पडतात आणि त्या ओल्या गाळात आम्ही हरभरा पेरतो. गाळपेर म्हणतात त्याला. पण वरच्या धरणातून आवर्तन सुटलं की पाणी पुन्हा चढतं. आभाळात ढग नसतो, वारा नसतो आणि जमीन मुकाट्याने कमी होत जाते.

दोन बेटांमधलं पाणी कुठे गुडघाभर, कुठे दोन पुरुष खोल. मधून जुन्या नदीची धार जाते, ती दर साली जागा बदलते. मंगळू ती पक्ष्यांवरून ओळखायचा. बदकं तरंगत असली तर खोल. राखी बगळा उभा असला तर उथळ; त्याचे पाय किती वर दिसतात त्यावरून तो पाणी वीतभर इकडेतिकडे न होता सांगायचा. "बगळा काय पोहत नाय गुरुजी. उभा हाय म्हंजे खाली जमीन हाय." होडी टेकली की तो नुसतं "उतरा" म्हणायचा. सगळ्यांनी उतरायचं, ढकलायचं, पुन्हा चढायचं.

सगळ्यांत आधी उतरायची रंगूबाई, भिकाची बायको. लुगडं खोचून धपकन उडी मारायची आणि म्हणायची, "मंगळूभाऊ, तुझी होडी आम्हाला नेते का आम्ही तिला?"

"वैनी, तू उतरली की हलकी होती ती," मंगळू म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च होता. बेटावरच्या कामाला सावड चालायची: आज माझ्या तुकड्यावर सगळ्यांनी राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. त्या दिवशी माझा हरभरा होता, दुसऱ्या दिवशी भिकाचा. रंगूबाई धरून पाच बायका आल्या होत्या. त्यांत मंगळूची सून ललिता होती, पेठकडच्या डोंगरातली. तिला पोहता येत नव्हतं. खरं तर पाचींतल्या एकीलाही येत नव्हतं. आम्ही उजाडताच निघालो होतो. आवर्तनाची दवंडी गावात दहाला झाली, ती आम्हाला कशी कळणार?

मुंग्या आधी दिसल्या. गाळाच्या भेगांतून अंडी तोंडात धरून त्या हरभऱ्याच्या झाडांवर चढत होत्या. मग भेगांमधून बुडबुडे यायला लागले. मंगळू उठून उभा राहिला. "चला. पाणी सुटलंय."

दोन ओळी राहिल्या होत्या. "एवढं उपटून होऊ द्या," मी म्हणालो. हे वाक्य मी कोणाला सांगितलेलं नाही, पण इथे लिहिणं भाग आहे. अर्धा तास गेला.

निघालो तेव्हा पाणी तांबूस झालं होतं आणि पाणवेलींची शेतं सुटून धारेत येऊन बसली होती. नेहमीची वाट बंद. धार जोर धरत होती. ती होडी बंधाऱ्याकडे ओढते हे बायकांनाही ठाऊक होतं. मंगळूने उथळावरून आडवं जायचं ठरवलं. खोली बघायचा बांबू हरभऱ्याच्या पेंढ्यांखाली दाबला गेला होता, तो वल्ह्यानेच रेटत होता. होडी पाणवेलीत शिरली आणि थांबली. समोर दहा हातांवर राखी बगळा उभा होता, पाय जवळजवळ सगळे वर.

"टेकली," मंगळू म्हणाला. "उतरा."

रंगूबाईने उडी मारली.

आवाज नेहमीचा झाला नाही. पाणवेल बाजूला झाली आणि परत मिटली. बांगड्यांचा एक हात वर आला, पानं धरून तो तसाच खाली गेला. बगळा उडाला, तेव्हा तो उभा होता ते वाहत आलेलं झाडाचं खोड गिरकी घेऊन पालथं झालं. होडी टेकली नव्हती, नुसती मुळ्यांत अडकली होती.

मंगळू तीनदा बुडी मारून वर आला. तिन्ही वेळा मुठीत मुळ्याच होत्या. तेवढ्यात होडी सुटली आणि बंधाऱ्याच्या बाजूला सरकू लागली. ललिता ओरडली, "मामाजी!" मला वल्हं धरता येत नव्हतं. मंगळूने पाण्यातून एकदा मागे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग तो पोहत येऊन होडीत चढला. किनाऱ्यापर्यंत त्याने मान वर केली नाही.

रंगूबाई तिसऱ्या दिवशी सापडली.

तेरावं झालं. पाणी उतरलं. भिकाचा तुकडा उंचावर होता म्हणून त्याचा हरभरा वाचला होता आणि त्याची सावड बाकी होती. न बोलावता त्या चार बायका काठावर आल्या. मीही गेलो. मंगळूने होडी पालथी घालून ठेवली होती.

"दुसरा कोणी बघा," तो म्हणाला.

दुसरा कोणी नव्हता. भिका मंगळूशी त्या दिवसापासून बोललाच नव्हता. त्याने एकट्याने होडी सुलटी केली आणि पुढच्या बाजूला जाऊन बसला.

मंगळू हातागणिक बांबू टाकून पाहत होता. अर्ध्या वाटेत त्याने बांबू आत ठेवला आणि तो पाण्यात उतरला. होडी टेकली नव्हती, अडकलीही नव्हती. जागा कोणती, हे सांगावं लागलं नाही. तो होडीचा काठ एका हाताने धरून होता. पाणी छातीला होतं, पाय कशाला लागत नव्हते. मग त्याने बोटं सैल केली.

भिकाने वाकून त्याचं मनगट पकडलं. होडी कलली, ललिता रडायला लागली.

"सोड," मंगळू म्हणाला.

"वर ये."

"भिका, सोड मला."

"माझा हरभरा कोण आणील? तुझा बाप?" भिका ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "चार बायका बसल्यात हिथं. त्यांना कोण न्हेईल परत? वर ये म्हणतो ना!"

बायका एका बाजूला सरकल्या. होडी सावरली. भिकाने दुसराही हात घातला.