दामूचा कान आणि करकरणारे ब्रेक

किस्से साचतात ते ब्रेकच्या ड्रममधल्या काळ्या भुकटीसारखे. कितीही झटका, चाक उघडलं की मूठभर निघतातच! आडगाव नाक्याजवळच्या गॅरेजात मी आणि दामूनं जन्मभर ब्रेकच केले. हात माझे, कान दामूचा. गाडी आत वळायच्या आधीच तो ओरडायचा, "पुढचं डावं!" आणि पुढचं डावंच निघायचं. हल्ली हे सांगताना हसू मधेच अडकतं.

*

चांदवडचे एक मास्तर आले. "ब्रेक लावला की किंचाळते हो!"

म्हटलं, "सर, वर्गात पोरं किंचाळली की काय करता?"

"दुर्लक्ष."

"तेच इथं केलंत!" पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. मास्तर गोरेमोरे!

*

पिंपळगावच्या द्राक्षवाल्या बापूंची पिकअप फक्त सकाळी करकरायची. दामूनं विचारलं, "बापू, रोज संध्याकाळी धुता का हिला?"

"मंग! लेकरावानी जपतो!"

"अहो, लेकराला आंघोळ घातल्यावर अंग पुसत नाय का? धुतली की एक चक्कर मारा, ब्रेक दाबत. डिस्क वाळंल, गंज धरणार नाय."

*

एका किराणावाल्यानं आवाज जावा म्हणून ब्रेकवर खोबरेल ओतलं! मला म्हणतो, "नाना, आवाज एकदम बंद!"

"आणि गाडी?"

"थांबली ना. भिंतीपाशी."

*

ट्रायलला दामू गाडी चालवायचा, मी मागं. त्यानं ब्रेक दाबला की मी गाल फुगवून तोंडानंच "कीऽऽऽच!" करायचो. गिऱ्हाईक दचकायचं. दामू आरशात बघून म्हणायचा, "मागच्या सीटवरचं माकड आहे, ग्रीस लावा त्याला!"

*

मग एक दिवस एक टॅक्सी अशी किंचाळत आली की समोरच्या चहावाल्यानं कानांवर हात ठेवले. दामू चक्कर मारून उतरला. "ओके आहे. घेऊन जा."

टॅक्सीवाला माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "थांब भाऊ, हवा चेक करतो," आणि गाडी मागं नेऊन गुपचूप पॅड बदलले.

दामूची लेक म्हणते, "बाबा, कानाला मशीन लावू या." हा म्हणतो, "मशीन बहिऱ्यांना लावतात!" ब्रेकवाल्याचा कान गेला हे बाहेर कळलं, तर दामूच्या हातात गाडी कोण देणार? आणि गाडीबिगर दामू घरी बसून करणार काय? त्याच्या माघारी प्रत्येक गाडी मी पुन्हा तपासतो. मस्करी करायचंही सोडून दिलं. ऐकू आलंच नाही, तर?

*

परवा राहवलं नाही. ट्रायलला मागं बसलो. गाडी मी स्वतः केलेली, लोण्यासारखी. आरशात दामूचे डोळे दिसत होते. त्यानं ब्रेक दाबला. मी गाल फुगवले, तोंड वाकडं केलं, पण आवाज काही काढला नाही.

"बास कर की माकडा!" दामू खो-खो हसत ओरडला. "कानठळ्या बसल्या माझ्या!"