इन कनेक्शन विथ जिंतूरची आत्या

या विश्वात कोणतीही गोष्ट सुटी नाही. प्रत्येकीचा दुसरीशी संबंध आहे. ऋषींना हे तपाने कळलं, आमच्या काकांना कारकुनीतून. निवृत्त झाल्यावरही ते भाजीवाल्याला "विथ रेफरन्स टू वांगी" असंच विचारत.

थोरल्या भावाचं लग्न जमत नव्हतं. सगळीकडून नकारच येत होता. त्यामुळे पालमला मुलगी बघायला निघालो तेव्हा त्याने काकांना हात जोडून सांगितलं, "तिथं मराठीत बोला."

आमच्याकडे अशा बैठकीत आधी कुठून तरी जुनी ओळख काढावी लागते. त्याशिवाय पोहे उतरत नाहीत. काकांनी घसा साफ केला. "इन कनेक्शन विथ जिंतूर, तिकडं आपलं कोण?"

मुलीचे चुलते निवृत्त हेडक्लार्क निघाले. कितीतरी दिवसांनी कुणी आपल्या भाषेत बोलल्यासारखे ते सावरून बसले.

"विथ रिगार्ड टू जिंतूर, आमची एक मावसबहीण हाय. बाजाराच्या मागं."

"निंबाच्या झाडापाशी?"

"बरोबर!"

"अहो, ती तर आमची आत्या!"

दोघांनी उठून हात मिळवले. मग बोटांवर हिशोब सुरू झाला. तुमची बहीण ती आमची आत्या, म्हणजे तुम्ही आमचे चुलते, म्हणजे तुमची पुतणी आमची बहीण. काकांनी अत्यंत गंभीरपणे निष्कर्ष काढला, "ॲज फार ॲज मुलगा इज कन्सर्न्ड, मुलगी त्याची आत्या लागते."

भावाच्या हातातला चमचा तसाच राहिला. चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली.

"मंग आता मी यांच्या पाया पडू, का यांनी माझ्या?"

तिची आई आतून बाहेर आली. "काय लावलंय भाऊजी तुमी! जिंतूरच्या वन्संना सगळी गल्लीच आत्या म्हणायलीय. पापड इकत्यात त्या." मग काकांकडे वळून, "तुमी पापड घेताव का त्यांच्याकडून?"

काकांनी हिशोबाला दुमडलेली बोटं एकेक करून उघडली.

"विथ रेफरन्स टू पापड," ते म्हणाले, "हो."

चुलते हिरमुसले. भाऊ पुन्हा श्वास घेऊ लागला. मुलीने त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुमी बी असंच बोलता का?"

"नाही. मी लय कमी बोलतो."

"मंग मला चालतंय."

मुलीच्या आईने लगेच साखर वाटली. काकांनी घेतली नाही. त्यांना मधुमेह आहे.