मुरूम लागला का?

मुलांनो,

तिकडे तुमच्या घराच्या जागेवर माती तपासणारा माणूस आला, यंत्राने भोक पाडलं, नमुना घेतला आणि एक शब्द न बोलता निघून गेला, असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. त्याच सकाळी इथे नांदेडला आपल्या शेजारचं घर पाडायला सुरुवात झाली. म्हणून त्या घराच्या मालकांबद्दल आजच लिहून ठेवते.

ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, मूळचे कंधारकडचे. कुणाच्याही अंगणात शिरले की आधी चपलेच्या टोकाने जमीन उकरायचे. चिमूटभर माती तळहातावर घेऊन थुंकीने भिजवायचे, तिची शेवई वळायचे आणि विचारायचे, "मुरूम लागला का?"

मुरूम म्हणजे काळ्या मातीखालचा तांबूस, टणक थर. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर घरही तिच्यासोबत हलत राहतं.

हा प्रश्न मातीपुरता राहिला असता तर ठीक होतं. तुमच्या आत्याला स्थळ आलं, तेव्हा मुलाचा फोटो बघून म्हणाले, "वरून बरं दिसतंय पोरगं, वहिनी. पण मुरूम लागला का?" मी भाकरीचं पीठ मळताना ते आले, तर मी परात पदराखाली घ्यायची.

गंमत अशी की गल्लीत सगळ्यात जास्त तडकलेलं घर त्यांचंच. बैठकीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत फट. उन्हाळ्यात ते तिच्यात छत्री खोचून ठेवत. पाऊस सुरू झाला की आतून काकू ओरडायच्या, "अहो, छत्री काढा, फट मिटून राहिली!" मग दार अडकायचं आणि पाहुण्यांना चहा खिडकीतून मिळायचा.

"धरणासाठी महिना महिना खड्डे घेतले ह्यांनी," काकू सांगायच्या. "घराच्या वक्ताला मुहूर्त टळंल म्हणून टोपलंभर उकरलं अन् फोडला नारळ!"

"हाव," ते मान डोलवायचे. "लई शुभ मुहूर्त होता."

आम्ही त्यांच्या शेजारचा प्लॉट घेतला तेव्हा आमच्या पायासाठीच्या खड्ड्याचा ताबा त्यांनी आपण होऊन घेतला. भूमिपूजनाच्या आदल्या दिवशीच दोन मजूर लावले. पूजेच्या सकाळी पाहुणे जमले, गुरुजी आले, तरी खड्ड्यातून काळीच माती वर येत होती. मुहूर्त जवळ आला. सोवळ्यातले तुमचे आजोबा काठावर येरझारा घालत होते.

"पुरे आता! लोक हसून राहिलेत."

"लोक आज हसतील, सर," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "भिंत जन्मभर हसंल."

"मग पूजा कधी करायची? मुरूम लागल्यावर, पुढच्या वर्षी?"

तेवढ्यात खालून आवाज आला, "साहेब, लागला!"

ते शिडीवरून खाली उतरले. थोड्या वेळाने त्यांची फक्त टोपी दिसली. "वहिनी, पाट खाली पाठवा. पूजा मुरमावरच होईल. वरच्या मातीला नारळ दाखवून मी एकदा फसलोय."

"मी न्हाई उतरायचा," गुरुजींनी जाहीर केलं. "माझे मंत्र वरूनही पोचतात."

आजोबा पाट घेऊन काठावरच मांडायला लागले. मी शेजारी त्यांच्या बैठकीच्या भिंतीकडे पाहिलं. त्या फटीत माझी चार बोटं जात होती. मी पदर खोचला आणि पैठणी सांभाळत शिडीवर पाय ठेवला. एकट्याने पूजा होत नाही, त्यामुळे आजोबांना माझ्यामागे यावंच लागलं. गुरुजींनी वरून अक्षता टाकल्या, त्या सगळ्या आजोबांच्या टकलावर पडल्या. नारळही वरूनच आला. इंजिनिअरसाहेबांनी तो दोन्ही हातांत झेलला आणि मुरमावर असा आपटला की पाणी माझ्या तोंडावर उडालं. मी आजोबांकडे पाहिलं. रागावलेला तो माणूस हसत होता.

पुढे काकू गेल्या, मग तेही गेले. मुलाने जागा विकली.

काल मी कुंपणापाशी गेले. बैठकीची ती भिंत तेवढी उरली होती, फटीसकट. जेसीबीवाला यंत्र थांबवून बसला होता. मी विचारलं, "मुरूम लागला का?"

"आजी," तो म्हणाला, "घर पाडून राहिलोय, बांधून न्हाई."

संध्याकाळपर्यंत तीही भिंत गेली. आपलं घर मात्र उभं आहे. भर पावसातही त्याचं दार एका बोटाने लागतं.