मानेचा भाव

रजियाबीला मी फसवलं. तिनं मला नाही. इतकी वर्षं गुलमंडीच्या बाजारात मी उलटंच सांगत आलो, आणि खरं काय ते घरातसुद्धा कुणाला बोललो नाही.

गंगापूरहून कापडाचं गाठोडं घेऊन आलेला माणूस मी. रस्त्यावर बसून धंदा शिकलो. समोरच्यानं काहीही मागितलं की माझ्या तोंडून त्याच्या निम्मं निघतं. हे कारण म्हणून सांगत नाही— स्वभाव सांगतोय.

पुढं दुकान घेतलं, त्याच्या माडीवर बायका जरीकाम करायच्या. लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं, तिला अड्डा म्हणतात. त्याच्याभोवती जमिनीवर बसायचं आणि दिवसभर मान खाली. रजियाबी त्यांच्यात सगळ्यात जुनी. एकदा म्हणाली, "सेठ, अड्डे के नीचे चार-चार ईंटां लगाव. गर्दन जाती हमारी."

"चार कशाला? दोन लाव."

"गर्दन का बी भाव करते क्या सेठ?"

बायका हसल्या. मला राग आला— मग दोनही दिल्या नाहीत.

त्याच दिवसांत माझीही मान धरली होती. डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, मानदुखी जगावेगळी नाही, बहुतेकांना कधी ना कधी गाठतेच, बायकांना जास्त. तासन्‌तास वाकून एकाच जागी बसणं, मध्ये न उठणं, डोक्याला घोर, अपुरी झोप— यानं ती बळावते. काम उंचावर घ्या, अधूनमधून उठा. आल्या आल्या मी सुतार बोलावला आणि माझा गल्ला उंच करून घेतला.

रजियाबीनं विचारलं, "डॉक्टर क्या बोले सेठ?" काय सांगितलं मी? उशीमुळं होतं म्हणालो. उशी टाकून द्या.

तिनं विश्वास ठेवला. सगळ्यांनीच ठेवला. तो अख्खा हिवाळा त्या बायका बिनउशीच्या झोपल्या आणि सकाळी येऊन त्याच अड्ड्यावर वाकल्या. का खोटं बोललो? विटा काय महाग होत्या? नाही— चारचौघींत तिनं माझं हसं केलं होतं, तेवढंच.

पुढं तिच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, जरीची बारीक सुई धरवेना. काम सोडून गेली. मी बाजारभर पसरवलं— शिकवली मी आणि फितवली दुसऱ्यानं, मानेचं निव्वळ नाटक. मग साडीला फॉल लावायचं कामसुद्धा तिला कुणी दिलं नाही.

परवा शहागंजात दिसली. कुणी हाक मारली तर मान वळत नाही, ती अख्खी वळते. मला पाहून सलाम केला. मी तोंड फिरवलं— माझं सहज फिरलं.

काल चार-चार विटा लावून अड्डे वर घेतले. त्यानं काही फिटत नाही, ठाऊक आहे. माझ्या शब्दावर ज्यांनी ज्यांनी तिला दारातून परत पाठवलं, त्यांनी हे वाचावं आणि भर बाजारात, रजियाबीसमोर, मला जाब विचारावा. मी येईन.