मध्यंतरानंतरची बाजू

फुटबॉलच्या मॅचला आमच्याच पेठेची एक खोड आहे. बाकीच्या पेठा एका जागी बसून बघतात. आम्ही मात्र आपला संघ ज्या गोलवर चाल करणार, त्याच्यामागे बसतो. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा अख्खी पेठ उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाते. लहानपणापासून मी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शर्ट धरून त्या गर्दीतून जात आले.

परवा सगळे उठले, आबा उठले नाहीत.

"तू जा फुडं," गुडघा दाबत ते म्हणाले. "मी बसतो हितंच. गोल झाला की आवाजानं कळंल."

मी गेले नाही. गर्दी ओसरली तशी पायऱ्यांवर इथे तिथे राहिलेली माणसं दिसू लागली. सगळी म्हातारी. दरवर्षी अशी कुणीतरी मागे राहत असणार. मीच कधी वळून पाहिलं नव्हतं. त्यातल्या एकाने आबांकडे बघून सावकाश मान हलवली, जणू वाटच बघत होता.

खेळ लांब गेला होता. आमच्यासमोर आमचाच गोलकीपर रिकामा उभा होता.

मग पलीकडून आरोळी उठली. इकडेही टाळ्या वाजल्या, पण सुट्या सुट्या. त्यातली आबांची मला वेगळी ऐकू आली.